पावणेपाच तासांचा अवधी

हैदराबादेतल्या नारायणगुड्याच्या चौकात उभ्या असलेल्या मराठी माणसाला समुद्राची धास्ती घालू पाहणारा लेखक काहीसा हास्यास्पद ठरण्याचा संभव आहे, हे मी जाणून आहे. ज्या न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या नावाने १९४० साली येथे शाळा निघाली त्यांच्याप्रमाणेच आमच्यापैकी बहुतेकांची घराणी नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, बिदर, गुलबर्गा अशा कोरड्या जिल्ह्यांतून नोकरीच्या, वकिलीच्या किंवा शिक्षणाच्या निमित्ताने या शहरात येऊन स्थिरावलेली. आणि समुद्रसपाटीपासून ५०० मीटरांहून अधिक उंचीच्या या पठारावर भरती-ओहोटीचे गणित पंचांगापलीकडे कोणाच्या कामी पडण्याचे कारण नाही. निजामाच्या रियासतीला तर अठराव्या शतकात उत्तर सरकारांचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेल्यानंतर समुद्रकिनाराच उरला नव्हता, आणि गोवळकोंड्याचा हिऱ्यांचा व कापडाचा व्यापार एके काळी ज्या मच्छलीपट्टणच्या बंदरातून चाले त्याची आठवण इतिहासाच्या पुस्तकापुरती शिल्लक राहिली होती. पाण्याचा प्रलय म्हटला की जुन्या हैदराबादकराच्या डोळ्यांपुढे येते ती १९०८ च्या सप्टेंबरातली मुसी नदी, समुद्र नव्हे.

तथापि हिंदी महासागरात कोठेही समुद्रतळ हादरला असता भारताच्या किनाऱ्यावरील लक्षावधी माणसांचे प्राण ज्या एका इत्तलेवर अवलंबून राहतील, ती इत्तला निघते ती याच शहरातून. नारायणगुड्याहून निघून शहराच्या वायव्य टोकाला निजामपेठ ओलांडले की प्रगतीनगरात भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लागते. १९९९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था ‘इन्कॉइस’ या तिच्या आद्याक्षरी नावानेच ओळखली जाते. त्सुनामीची पूर्वसूचना देणारे राष्ट्रीय केंद्र तेथे ऑक्टोबर २००७ पासून रात्रंदिवस चालू आहे, आणि २०११ पासून ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया यांच्या जोडीने हिंदी महासागरावरील इतर राष्ट्रांनाही तेथून इशारे दिले जातात. समुद्राचे निरीक्षण करणारे ठाणे समुद्रापासून इतके दूर का, असा प्रश्न पुष्कळजण हसत हसत विचारतात. उपग्रहांकडून येणारी माहिती कोठेही उतरवून घेता येते, भूभौतिकीची व दूरसंवेदनाची मोठी केंद्रे याच शहरात आहेत, आणि ज्या कचेरीने लाटेची वर्दी द्यायची ती कचेरी स्वतः लाटेच्या वाटेत नसावी यात शहाणपण आहे, इतके उत्तर मला पुरेसे वाटते.

माझे म्हणणे या केंद्राविषयी नाही. ते आपले काम करीत आहे. माझे म्हणणे त्या इत्तलेच्या दुसऱ्या टोकाविषयी, विशेषतः डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेल्या आपल्या मराठी किनाऱ्याविषयी आहे. तेथे त्सुनामी ही मद्रासकडची, जपानकडची, अंदमानातली आपत्ती समजली जाते. ही समजूत खोटी आहे, आणि तिला खोटे ठरविणारा पुरावा आपल्याच दफ्तरात पडलेला आहे.

२८ नोव्हेंबर १९४५. वृत्तपत्रांत त्या दिवसांत आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर दिल्लीच्या लाल किल्ल्यात चाललेल्या खटल्याच्या वार्ता भरून येत होत्या. पहाटे तीन वाजून सव्वीस मिनिटांनी बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरील पसनी या गावासमोर समुद्रतळाखाली ८.१ प्रतीचा भूकंप झाला. पसनी आणि त्या किनाऱ्यावरील इतर वस्त्यांची जी वाताहत झाली तिचा तपशील येथे देत नाही. मृतांचा आकडा चार हजार असा सर्रास छापला जातो, अलीकडील संशोधकांनी मात्र तो फार फुगवलेला असल्याचे दाखवून दिले आहे. आपल्याशी संबंध आहे तो पुढील गोष्टीचा. त्याच दिवशी सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्र अवेळी चढून आला. पाण्याची उंची सुमारे दोन मीटर होती. वेसाव्यास पाच आणि हाजीअलीस सहा माणसे बुडाली. दांडा व जुहू येथे मासेमारीच्या होड्या नांगर तोडून वाहून गेल्या. हवामान खात्यातील सी. जी. पेंडसे यांनी या भूकंपाचा वृत्तांत लिहून ठेवला म्हणूनच ही हकिकत आज आपल्याला सांगता येते.

तीन सव्वीस आणि सव्वाआठ यांच्यामध्ये पावणेपाच तासांचा अवधी होता. या अवधीत मुंबईला भूकंपमापक यंत्र नव्हते असे नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होते. तारखाते होते, दूरध्वनी होता, पोलीस होते, आकाशवाणीही होती. नव्हते ते एवढेच, की समुद्रतळ हालला म्हणजे काही तासांनी बाराशे किलोमीटरवरच्या कोळीवाड्यात पाणी शिरू शकते, हे ज्ञान ज्याला आहे त्याला ती वार्ता पोचविण्याची, आणि वार्ता पोचलेल्याला हुकूम सोडण्याची, आधीपासून लावून ठेवलेली तजवीज. पावणेपाच तासांत वेसाव्याहून पायी निघालेला म्हातारा मनुष्यही अंधेरीच्या टेकडीवर पोचून परत आला असता.

ही लाट इतका वेळ का घेते आणि तरीही अशी घातक का ठरते, हे समजून घेणे कठीण नाही. वाऱ्याने उठणारी लाट आणि ही लाट या दोहोंच्या उत्पत्तीतच भेद आहे. परातीतल्या पाण्यावर फुंकर घातली तर वरचा पापुद्रा तेवढा थरथरतो. परातीच्या बुडाला खालून धक्का दिला तर सबंध पाणी उसळते. मकरान किनाऱ्यासमोर अरबी भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या मंद गतीने युरेशियाच्या भूपट्टाखाली सरकत जातो. दोहोंच्या घर्षणाने वरच्या पट्टाची कड अडकून पडते, दशकानुदशके वाकत राहते, आणि एके दिवशी ताण असह्य होऊन ती सुटते तेव्हा शेकडो किलोमीटर लांबीचा समुद्रतळ काही क्षणांत वर उचलला जातो किंवा खाली बसतो. त्याच्यावरचे दोन-तीन हजार मीटर खोल पाणी त्याबरोबरच उचलले जाते, आणि ते समतल होण्याच्या धडपडीत चोहोकडे पसरू लागते. हीच त्सुनामी. समुद्रतळावरील दरडी कोसळूनही ती उद्भवते, ज्वालामुखीच्या स्फोटानेही उद्भवते. पण आपल्या वाट्याला येण्याचा संभव अधिक तो भूकंपजन्य लाटेचाच.

अशा लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो, आणि तोही खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. चार हजार मीटर खोलीच्या महासागरात ती ताशी सातशे किलोमीटरांच्या पलीकडच्या, म्हणजे विमानाच्या वेगाने धावते. आणि तेथे तिची उंची इतकी क्षुद्र असते की तिच्यावरून जाणाऱ्या जहाजावरील खलाशाला तिचा पत्ता लागत नाही. २००४ च्या त्सुनामीवरून योगायोगाने जाणाऱ्या एका उपग्रहाने भूकंपानंतर दोन तासांनी मोजलेली लाट खुल्या समुद्रात साठ सेंटिमीटरांच्या आसपास भरली. मात्र तिच्या एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचे अंतर शंभर-दोनशे किलोमीटर असते. उथळ पाण्यात येताच पुढचा भाग मंदावतो, मागचा त्याच्यावर येऊन चढतो, लांबी आखडते आणि उंची वाढते. म्हणून किनाऱ्यावर जे येते ते फुटून परत जाणाऱ्या लाटेसारखे नसते. दहा-दहा, वीस-वीस मिनिटे पाणी एकसारखे आत येत राहते आणि तितकाच वेळ ते वाटेतले सर्व काही घेऊन मागे जात राहते. असे हेलकावे कित्येक तास चालतात, आणि पहिला हेलकावा सर्वांत मोठा असतोच असे नाही. पहिले पाणी ओसरल्यावर घरातली चीजवस्तू काढावयास परतलेली माणसे दुसऱ्या पाण्यात सापडतात, ही गोष्ट जवळपास प्रत्येक त्सुनामीच्या वृत्तांतात वाचावयास मिळते.

आता १९४५ च्या पावणेपाच तासांचा ढोबळ हिशेब मांडून पाहा. पसनीपासून मुंबई सुमारे बाराशे किलोमीटर. त्यांतले नऊशे किलोमीटर खोल अरबी समुद्राचे. तेवढे लाट दीड तासात ओलांडते. उरलेले तीनशे किलोमीटर म्हणजे मुंबईसमोर पसरलेला समुद्रबूड जमिनीचा तो विस्तीर्ण उंचवटा, जेथे पाणी पन्नास ते शंभर मीटरच खोल आहे आणि ज्याच्यावर आज बॉम्बे हायच्या तेलविहिरी उभ्या आहेत. त्या उथळीत लाटेचा वेग ताशी नव्वद-शंभर किलोमीटरांवर येतो, आणि तीनशे किलोमीटर काटावयास तिला तीन तासांहून अधिक काळ लागतो. दोन्ही मिळून पावणेपाच तास होतात. निसर्गाने आपल्या किनाऱ्यासमोर हा जो उथळ ओटा घालून ठेवला आहे, त्याने मकरानच्या लाटेला विलंब होतो, आणि हा विलंब आपली सर्वांत मोठी दौलत आहे. चेन्नईला २००४ मध्ये भूकंपानंतर अडीच तास मिळाले होते. निकोबारला तर घटकाभरही मिळाला नाही.

या दौलतीला एक खोट आहे, तीही सांगितली पाहिजे. त्सुनामीविषयक सूचनापत्रकांत सर्वत्र प्रथम हे लिहिलेले असते, की किनाऱ्यावर असताना जमीन जोराने हादरली तर कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता उंच जागी जावे. सूचना योग्यच आहे. निकोबारकरांस ती जीवदान देईल. परंतु मकरानचा हादरा बाराशे किलोमीटरवरील कोकणात झोपलेल्या माणसाला जाणवेलच असे नाही. म्हणजे कोकणात निसर्गाची पहिली खूण गैरहजर राहण्याचा संभव अधिक. दुसरी खूण समुद्राने अवेळी, भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाला न जुमानता, मागे हटण्याची; तीही दर वेळी दिसतेच असे नाही, आणि दिसली तरी काही मिनिटांचीच मुदत देते. तेव्हा कोकणासाठी खरा आधार उरतो तो बाहेरून येणाऱ्या वर्दीचा. जो किनारा स्वतःच्या पायांखालच्या जमिनीवर विसंबून राहू शकत नाही, त्याने दूरच्या इत्तलेची व्यवस्था इतरांपेक्षा अधिक चोख ठेवावयास हवी. पण आपली स्थिती नेमकी उलट आहे.

१९४५ ही एकच घटना आहे का? सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामा तिसऱ्या वेळी हिंदुस्थानात येत असता दाभोळच्या नजीक त्याच्या आरमाराखालचा समुद्र एकाएकी खवळला आणि गलबते हेलकावे खाऊ लागली, असे पोर्तुगीज बखरकारांनी नमूद केले आहे. भूकंपशास्त्रज्ञ त्याला समुद्रातील भूकंप मानतात. दाभोळपासून फार दूर नसलेल्या केळशीच्या पुळणीवर वाळूची एक उंच टेकडी आहे. तिच्या पोटात खापरे, कोळसा आणि बहमनी काळातील नाणी सापडली, आणि डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी ही टेकडी त्सुनामीने रचली असावी असा सिद्धान्त मांडला. वाऱ्यानेही अशा टेकड्या बनतात, त्यामुळे हा सिद्धान्त वादातीत नाही. माझा कल मराठ्यांच्या बाजूला झुकतो. पण कल म्हणजे पुरावा नव्हे. वाद आहे तो केळशीपुरता. १९४५ विषयी वाद नाही, आणि तरीही वेसाव्याच्या किंवा दांड्याच्या कोळीवाड्यात आज किती तरुणांना त्या सकाळची हकिकत सांगता येईल?

विस्मरणाची ही किंमत सुमात्राजवळच्या सिमेउलूए नावाच्या बेटाने उलट्या बाजूने दाखवून दिली आहे. तेथे १९०७ साली त्सुनामीने मोठा संहार केला. वाचलेल्यांनी त्या प्रसंगाला आपल्या बोलीत ‘स्मोंग’ हे नाव दिले, आणि जमीन हादरून समुद्र मागे सरला की डोंगराकडे धावावे हा एकच पाठ गाण्यांतून, अंगाईतून, आजीच्या गोष्टींतून पुढच्या पिढ्यांच्या हवाली केला. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपाच्या केंद्रापासून अगदी जवळ असलेल्या या बेटावर लाट काही मिनिटांत येऊन थडकली. सुमारे ७८,००० वस्तीपैकी मेली ती अवघी सात माणसे. तेथे यंत्र नव्हते, कचेरी नव्हती, दूरध्वनीही नव्हता. त्याच दिवशी त्याच लाटेने हिंदी महासागराच्या काठावरील चौदा देशांत सव्वादोन लाखांहून अधिक माणसांचा बळी घेतला.

भारतात मृतांची संख्या दहा हजारांच्या वर गेली आणि साडेपाच हजारांहून अधिक लोक बेपत्ता झाले. ते सर्व अंधारात बुडाले असे नव्हे. भूकंप झाल्याचे सकाळी साडेसहानंतर लवकरच सरकारदरबारी कळले होते. चेन्नई-नागपट्टणला पाणी पोचले ते नऊच्या सुमारास. मधल्या काळात हवामान खात्याने पाठविलेला फॅक्स चालू मंत्र्यांऐवजी माजी मंत्र्यांच्या निवासस्थानी गेला, असे त्या वेळी वृत्तपत्रांत छापून आले होते. कारकुनी चुकीची ही कथा विनोदी वाटते. तीत दोष असलाच तर तो एखाद्या कारकुनाचा नाही. ज्या खलित्याचा पत्ता आणि ज्याच्यावरील कारवाई आधी ठरलेली नाही तो खलिता कोठेतरी भरकटणारच.

किनाऱ्यावर त्या दिवशी काय काय झाले याची यादी देण्याचा माझा विचार नाही, पण कोकणाला लागू पडतील अशा दोन-तीन गोष्टी सांगतो. नागपट्टणच्या बाजूला पाणी ओसरल्यानंतर भातशेते मिठाने भरून गेली, विहिरी खाऱ्या झाल्या, आणि पावसाने ते मीठ धुऊन जमीन पूर्ववत होण्यास हंगाम लोटले. कोकणात खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या खाजण जमिनी पिढ्यानुपिढ्यांच्या मेहनतीच्या आहेत. बांध एकदा फुटला की नुकसान एका सकाळीपुरते राहत नाही. दुसरे, आपला किनारा सरळ नाही. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांच्या खाड्या मैलोन्‌मैल आत गेलेल्या आहेत, आणि समुद्र दिसत नाही म्हणून निर्धास्त असलेल्या खाडीकाठच्या वाड्यांपर्यंत पाणी या वाटांनी चढू शकते. तिसरे, कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राच्या पंपघरात त्या दिवशी समुद्राचे पाणी शिरले आणि केंद्र सुरक्षितपणे बंद करावे लागले. २०११ मध्ये फुकुशिमाला सुमारे १४ मीटरांच्या पाण्याने जे झाले ते जगाला ठाऊक आहे. तेथील रचना सहा मीटरांहूनही कमी उंचीच्या लाटेचा हिशेब धरून केलेली होती. तारापूर हे पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच आहे. तेथील अंमलदार निष्काळजी आहेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. आसपासच्या गावकऱ्यांना आपण कोठे धावायचे हे ठाऊक आहे का, एवढेच मी विचारतो.

आता त्या इत्तलेच्या पहिल्या टोकाकडे वळू. महासागरात भूकंप झाला की जगभरच्या भूकंपमापकांच्या नोंदी हैदराबादला उतरू लागतात, आणि पहिली वर्दी दहा मिनिटांच्या आसपास निघते. लाटेचे गणित त्या क्षणी नव्याने करीत बसावे लागत नाही. निरनिराळ्या ठिकाणच्या, निरनिराळ्या प्रतींच्या हजारो संभाव्य भूकंपांची गणिते आधीच सोडवून ठेवलेली असतात, त्यांतून जवळचे उदाहरण काढले की कोणत्या किनाऱ्यावर किती वाजता किती पाणी येईल याचा अदमास लागतो. मग समुद्रतळावर ठेवलेली दाबमापके बोलू लागतात. पाण्याची पातळी काही सेंटिमीटरांनी जरी चढली तरी तळावरचा दाब बदलतो. तो बदल वर तरंगणाऱ्या बोयाला आणि बोयाकडून उपग्रहाला कळतो, आणि लाट खरोखर उठली की नाही याचा निवाडा होतो. १२ सप्टेंबर २००७ रोजी, म्हणजे औपचारिक उद्घाटनाच्या महिनाभर आधी, सुमात्राजवळ ८.४ प्रतीचा भूकंप झाला तेव्हाच या यंत्रणेची पहिली कसोटी लागली आणि तीत ती उतरली. ११ एप्रिल २०१२ ला त्याच बाजूला ८.६ प्रतीचा भूकंप झाला, चेन्नईसारख्या शहरांत लोक घाईने किनारा सोडून गेले, आणि लाट मात्र नगण्य आली. कारण त्या भूकंपात भूपट्ट वर-खाली न होता आडवे घसरले होते. समुद्रतळ उचलला गेला नाही तर पाणी उचलले जाणार कसे? अशा प्रसंगानंतर ‘उगाच धावपळ केली’ असे म्हणणारे भेटतात. त्यांना माझे उत्तर असे की, आग न लागता वाजलेल्या घंटेने जितका त्रास होतो तितका सोसावयाची तयारी असलेल्या गावातच खऱ्या आगीच्या दिवशी माणसे वाचतात.

इशाऱ्याच्या प्रतवारीतही लक्षात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. दोन मीटरांहून अधिक पाणी अपेक्षित असेल तरच सर्वांत वरच्या श्रेणीचा इशारा निघतो. त्याखालच्या श्रेणीत किनाऱ्यावरून व पाण्यापासून दूर राहावे, एवढीच सूचना असते. १९४५ ची मुंबईतील लाट या सीमारेषेवरची होती आणि तिने अकरा माणसे नेली. म्हणजे मधल्या श्रेणीचा इशाराही कोळीवाड्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा असू शकतो, आणि तो जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रण कक्षात येऊन थांबला तर त्याचा उपयोग शून्य.

हर्णैचे उदाहरण घेऊ. दापोली तालुक्यातील या बंदरावर, समोर सुवर्णदुर्ग आणि पाठीमागे उतरती वस्ती अशा अरुंद पुळणीवर, संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो. दूरवर नांगरलेल्या होड्यांवरून मासळी किनाऱ्याला येते. बोली लावणाऱ्या कोळिणी, बर्फाचे आणि टोपल्यांचे मजूर, टेम्पोवाले, पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे असे शेकडो लोक त्या वाळूवर एकाच वेळी दाटलेले असतात. डिसेंबराच्या सुटीत अशा एखाद्या संध्याकाळी हैदराबादहून वर्दी निघाली असे समजा. दहाव्या मिनिटाला ती मुंबईच्या मंत्रालयात आणि रत्नागिरीच्या जिल्हा नियंत्रण कक्षात असेल, याविषयी मला शंका नाही. त्यानंतर प्रांत, तहसीलदार, पोलीस ठाणे, पोलीस पाटील अशी साखळी लागते. लिलावाच्या गलक्यात पोलीस पाटलाचा दूरध्वनी कोण ऐकणार? भोंगा कोठे आहे? कोणत्या पाखाडीने वर जायचे हे पुण्याच्या पाहुण्याला सांगणारा फलक आहे काय? होड्यांवर असलेल्या खलाशांनी किनाऱ्याला यायचे की खोल पाण्यात जायचे? (खोल पाण्यातच जायचे; तेथे लाट होडीला बोटभरही त्रास देत नाही. पण हे ज्ञान त्या क्षणी नव्हे, आधी असावे लागते.) आणि मोबाइलवर भिस्त ठेवणाऱ्यांनी ३ जून २०२० आठवावा, निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोलीच्या पट्ट्यात मनोरे आडवे केले तेव्हा गावेच्या गावे कित्येक दिवस जगाशी बोलू शकली नव्हती.

विशेष म्हणजे हैदराबाद आणि कोकणचा कोळी यांच्यामध्ये परिचय नाही असेही नाही. समुद्राच्या पृष्ठाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य उपग्रहावरून पाहून मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे, याची माहिती हेच केंद्र मच्छीमारांना स्थानिक भाषांत, मराठीतही, देत असते. जो निरोप मासळीच्या आशेने उत्सुकतेने पाहिला जातो, त्याच वाटेने संकटाचाही निरोप यावा आणि तो ओळखीच्या माणसाच्या शब्दाइतका विश्वासाने ऐकला जावा, यासाठी पाया घातलेलाच आहे. त्यावर भिंत उभारावयाची राहिली आहे.

ती कशी उभारावी हे शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागर आयोगाने किनाऱ्यावरील गावांसाठी ‘त्सुनामी-सज्ज’ असे मान्यतापत्र सुरू केले असून त्याला बारा निकष आहेत: गावाचा धोक्याचा नकाशा, सुटकेच्या वाटा व त्यांचे फलक, चोवीस तास इशारा घेण्याची आणि तो गावभर पोचविण्याची सोय, शाळांतून शिक्षण, ठरावीक काळाने रंगीत तालीम, असे. यांपैकी एकही गोष्ट ग्रामपंचायतीच्या ऐपतीबाहेरची नाही. ओडिशातील गंजाम जिल्ह्यातले वेंकटरायपूर आणि जगतसिंगपूर जिल्ह्यातले नोलियासाही या दोन मच्छीमार गावांनी २०२० मध्ये हे मान्यतापत्र मिळविले. हिंदी महासागराच्या काठावर ते मिळविणारी ती पहिली गावे. २०२४ मध्ये आणखी चोवीस गावे त्यांत आली, आणि तीही ओडिशातलीच. १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गमावलेल्या या राज्याने तो धडा कागदावर ठेवला नाही. जिल्ह्याजिल्ह्याला अभियंते, विद्यापीठे आणि साक्षरतेचा अभिमान असलेल्या महाराष्ट्राने या यादीत आपले नाव नसावे याची लाज वाटून घेण्यास हरकत नाही.

कोणी म्हणेल, ऐंशी वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटासाठी एवढा खटाटोप कशाला? मकरानच्या तळाशी साठत असलेला ताण मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी तेथे १९४५ पेक्षाही मोठा, नऊ प्रतीच्या जवळपासचा भूकंप होण्याची शक्यता वर्तविली आहे, हे एक उत्तर. त्यात निश्चिती नाही, केव्हा होईल हे तर कोणालाच सांगता येत नाही. मला अधिक वजनदार वाटते ते दुसरे उत्तर. सुटकेची वाट, भोंगा, फलक आणि तालीम ही चारही साधने वादळाच्या उधाणालाही लागतात, आणि वादळे आता अरबी समुद्रात दुर्मीळ राहिलेली नाहीत. शिवाय किनाऱ्यावर प्रचंड भिंती बांधण्याची जी हौस आजकाल दिसते तिच्यापेक्षा कांदळवन राखणे, पुळणीवरच्या वाळूच्या टेकड्या न खणणे आणि भरतीरेषेलगत बांधकामांना परवानगी न देणे हे स्वस्त आहे. कांदळवनाने मोठी त्सुनामी अडते असा दावा मी करणार नाही. पाण्याचा जोर काहीसा मोडतो, इतके खरे, आणि दोन मीटरांच्या पाण्यात तेवढ्यानेही फरक पडतो.

या शहराला पुराची स्मृती दफ्तरात न ठेवता दगडचुन्यात कशी उतरवावी हे एकदा साधले होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीने हजारो माणसांना जलसमाधी दिली. त्या दिवशी अफझलगंजच्या बागेतील चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसे वाचली असे सांगतात, आणि ते झाड उस्मानिया दवाखान्याच्या आवारात लोकांना पुढेही दाखविले जात असे. निजामाच्या सरकारने मुंबई इलाख्यात नाव कमावलेल्या विश्वेश्वरय्यांना पाचारण केले, त्यांचा आराखडा मान्य केला, आणि १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर बांधून पुरे झाले. पुढच्या पिढ्यांनी नदीच्या पात्राशी जे वर्तन केले ते वेगळे प्रकरण. परंतु प्रलय आणि बंदोबस्त यांच्यामध्ये वीस वर्षांहून अधिक काळ त्या वेळच्या दरबारी राज्यालाही लागला नव्हता. वेसाव्याच्या त्या सकाळीला ऐंशी वर्षे होऊन गेली.

संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरविला तो १८५४ मधील एका जपानी प्रसंगावरून. जुन्या जपानी कालगणनेच्या अकराव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी हिरो नावाच्या गावात समुद्र चढला, तेव्हा हामागुची गोर्यो या गृहस्थाने कापून ठेवलेल्या भाताच्या गंज्या पेटवून दिल्या, आणि त्या उजेडात अंधारात चाचपडणारे गावकरी उंचावरच्या देवळापर्यंत पोचले. पुढे त्याने स्वतःच्या पैशाने गावाला बांध घातला. आमच्या गावच्या पाटलाला गंज्या पेटविण्याची गरज नाही. पण कोणत्या देवळाकडे लोकांना न्यायचे हे त्याला आज ठाऊक असले पाहिजे.

नारायणगुड्यातल्या माझ्या वाचकांपैकी अनेकांच्या लेकी-सुना, जावई, मुलगे आज मुंबईत, अलिबागेत, रत्नागिरीत नांदत आहेत. कित्येकांनी कोकणात सुटीची घरेही घेतली आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. येत्या २६ जानेवारीला किनाऱ्यावरील प्रत्येक गावात ग्रामसभा भरेल. आपला माणूस ज्या गावात राहतो तेथील ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, ‘त्सुनामी-सज्ज’ मान्यतेसाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत प्रस्ताव पाठवावा, हा विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याचा अर्ज त्याने पंधरा दिवस आधी द्यावा, आणि त्याची पोच घ्यावी.